भूकंपाला वेसण घालता येईल काय?

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर हे शहर रॉकी पर्वताच्या पायथ्याशी वसलेले आहे. भूकंपाचे भय तेथील नागरिकांना फारसे कधी वाटलेले नव्हते. एप्रिल १९६२ पासून मात्र शहराच्या ईशान्येकडील भागात लहानलहान धक्के बसू लागले. खिडक्यांची तावदाने खडखडत, फडताळातील भांडी वाजत आणि पुन्हा सारे शांत होई. पुढील साडेतीन वर्षांत भूकंपमापकांनी अशा सातशेहून अधिक धक्क्यांची नोंद केली.

या धक्क्यांचे मूळ शोधून काढण्याचे श्रेय डेव्हिड इव्हान्स या भूवैज्ञानिकाकडे जाते. शहरालगत ‘रॉकी माउंटन आर्सेनल’ हा लष्करी कारखाना होता. तेथे रासायनिक अस्त्रे तयार होत आणि त्यांतून निघणाऱ्या विषारी सांडपाण्याची विल्हेवाट लावणे हा मोठाच प्रश्न होऊन बसला होता. त्यावर उपाय म्हणून ३,६७१ मीटर खोलीची एक विहीर खणण्यात आली आणि मार्च १९६२ पासून सांडपाणी दाबाने तिच्यात सोडण्यात येऊ लागले. इव्हान्स यांनी दोन आलेख एकाखाली एक मांडले. एकात दरमहा विहिरीत सोडलेल्या पाण्याचे प्रमाण होते आणि दुसऱ्यात दरमहा झालेल्या धक्क्यांची संख्या. पाणी वाढले की धक्के वाढत. १९६३ च्या अखेरीपासून सुमारे वर्षभर पाणी सोडणे बंद होते, त्या काळात धक्केही मंदावले होते. नोव्हेंबर १९६५ मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये विहीर बंद करण्यात आली.

तथापि प्रकरण तेथे संपले नाही. या मालिकेतील सर्वांत मोठे तीन धक्के १९६७ मध्ये, म्हणजे पाणी सोडणे थांबल्यानंतर वर्षभराने किंवा त्याहूनही उशिरा बसले. त्यांचे परिमाण ५ च्या आसपास होते. डेन्व्हरने जगाला दोन धडे दिले. मनुष्य नकळत भूकंप घडवू शकतो, हा पहिला धडा. कारण दूर केले तरी परिणाम लगेच थांबेलच असे नाही, हा दुसरा. पहिल्या धड्यातून एक मोहक आशा जन्माला आली: जो भूकंप सुरू करता येतो, तो आवरताही येईल काय? दुसऱ्या धड्याने त्या आशेच्या वाटेतील सर्वांत मोठी अडचण आधीच दाखवून दिली होती.

घर्षण आणि पाणी

भूकवचातील ज्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासून सरकतात, तिला विभंग म्हणतात. कवचाचे प्रचंड तुकडे दरवर्षी काही सेंटीमीटर या गतीने सरकत असतात. परंतु विभंगाच्या पृष्ठांवरील घर्षणामुळे तेथील खडक एकमेकांना चिकटून राहतात. दूरचा भाग पुढे जातो, विभंगालगतचा भाग जागच्या जागी राहतो आणि मधला खडक ताणलेल्या धनुष्यासारखा वाकत जातो. एके दिवशी ताण घर्षणावर मात करतो, दोन्ही बाजू झटक्याने सरकतात आणि साठलेली ऊर्जा लाटांच्या रूपाने बाहेर पडते. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाचा अभ्यास करून हॅरी रीड यांनी १९१० मध्ये मांडलेला हा सिद्धांत आजही भूकंपविज्ञानाचा पाया आहे.

ही क्रिया घरातही पाहता येते. धान्याने भरलेल्या जड पेटीला रबराची लांब दोरी बांधून ती सावकाश ओढावी. आरंभी पेटी हलत नाही, केवळ दोरी ताणली जाते. मग पेटी एकदम पुढे झेपावते, दोरी सैल पडते आणि पेटी पुन्हा थांबते. त्याच पेटीला लोखंडी कांब जोडून ओढली तर ती बहुधा धक्के न देता सरकते. फरक कशामुळे पडतो? पेटी सरकू लागली की घर्षण कमी होते आणि दोरीतील ताणही कमी होतो. ताण जर घर्षणापेक्षा वेगाने कमी झाला, तर पेटी हळूच थांबते. घर्षण अधिक वेगाने कमी झाले, तर शिल्लक राहिलेले बल पेटीला पुढे फेकते. लवचीक दोरीतील ताण सावकाश उतरतो, म्हणून तेथे झेप घडते. विल्यम ब्रेस आणि जेम्स बायर्ली यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की, प्रयोगशाळेत दाबाखाली ठेवलेले खडकही असेच अडखळत सरकतात आणि भूकंपाचे मूळ या अडखळण्यात असावे.

आता पाण्याचे कार्य पाहू. खोलवरच्या खडकांतील सूक्ष्म छिद्रे पाण्याने भरलेली असतात. वरच्या थरांचे आणि कवचातील दाबाचे बल विभंगाच्या दोन बाजूंना एकमेकांवर दाबून धरते, तर छिद्रांतील पाण्याचा दाब त्यांना परस्परांपासून दूर लोटू पाहतो. म्हणून घर्षणाला उपयोगी पडणारा दाब म्हणजे या दोहोंची वजाबाकी होय. पाण्याचा दाब वाढला की वजाबाकी लहान होते, पकड सुटते आणि आधीच ताणलेला विभंग सरकतो. किंग हबर्ट आणि विल्यम रुबी यांनी १९५९ मध्ये हे तत्त्व मोठ्या विभंगांना लावून दाखविले होते. डेन्व्हरच्या विहिरीने नवी ऊर्जा निर्माण केली नव्हती. खडकात आधीच साठलेल्या ऊर्जेच्या दाराची कडी तिने काढली, इतकेच.

रँगलीचा प्रयोग

अपघाताने कळलेली गोष्ट हेतुपुरस्सर करून पाहण्याची संधी कोलोरॅडोतच मिळाली. रँगली येथील तेलक्षेत्रात अधिक तेल निघावे म्हणून अनेक वर्षे जमिनीत पाणी सोडले जात होते आणि तेथेही लहान धक्के बसत होते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९६९ मध्ये तेथे भूकंपमापकांचे जाळे उभारले. बॅरी रॅले, जॉन हीली आणि जॉन ब्रेडेहफ्ट यांनी प्रथम खडकाचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन त्यांचे घर्षण मोजले. मग जमिनीतील ताण मोजला आणि वरील वजाबाकीच्या आधारे भाकीत केले की, पाण्याचा दाब सुमारे २५७ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे अडीचशे पटींवर गेला, की धक्के बसू लागतील.

नोव्हेंबर १९७० मध्ये विहिरींतून पाणी उलट उपसण्यात आले. दाब उतरला आणि विहिरींच्या जवळपासचे धक्के जवळजवळ थांबले. पुढे पाणी पुन्हा सोडण्यात आले. दाब त्या उंबरठ्यापलीकडे गेला आणि धक्के परतले. मे १९७३ मध्ये पाणी पुन्हा ओढून घेतले आणि भूमी पुन्हा शांत झाली. १९७६ मध्ये या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. भूकंप हवा तेव्हा सुरू करणे आणि हवा तेव्हा थांबविणे मनुष्याला प्रथमच साधले होते, मग ते भूकंप कितीही क्षुद्र असोत.

यातून एक धाडसी योजना पुढे आली. मोठ्या विभंगावर ओळीने खोल विहिरी खणाव्यात. एका टप्प्याच्या दोन्ही टोकांना पाणी उपसून तेथील खडक घट्ट करावेत, आणि मधल्या भागात पाणी सोडून तेवढाच भाग सरकू द्यावा. दोन बाजूंना कुलपे लावून मधले दार उघडावे, तशी ही कल्पना होती. असे टप्प्याटप्प्याने करीत गेल्यास मोठ्या भूकंपासाठी ऊर्जाच शिल्लक राहणार नाही, असा तिचा आशय होता. ही योजना कधीच अमलात आली नाही. त्याचे एक कारण साध्या अंकगणितात आहे.

लहान धक्क्यांचा हिशोब

भूकंपाच्या परिमाणात एकाची वाढ म्हणजे बाहेर पडणाऱ्या ऊर्जेत सुमारे बत्तीस पटींची वाढ होय. यास्तव परिमाण ८ च्या एका भूकंपाइतकी ऊर्जा मोकळी करण्यासाठी परिमाण ६ चे सुमारे एक हजार भूकंप हवेत. परिमाण ५ चे घेतल्यास सुमारे बत्तीस हजार आणि परिमाण ४ चे घेतल्यास सुमारे दहा लाख. परिमाण ६ चा भूकंप एखादे शहर उद्ध्वस्त करू शकतो, त्यामुळे तसे एक हजार भूकंप घडविण्याचा विचारही करवत नाही. परिमाण ४ चा धक्का रोज एक या प्रमाणे दिला, तर काम संपायला सुमारे पावणेतीन हजार वर्षे लागतील. मोठ्या भूकंपाचे सुटे पैसे करून देण्याचा हा मार्ग बंदच म्हणावा लागेल.

परंतु निसर्गाकडे तिसरा मार्गही आहे. कॅलिफोर्नियातील होलिस्टर गावात पदपथ, कुंपणे आणि घरांच्या भिंती वर्षानुवर्षे वाकत आलेल्या आहेत, कारण गावाखालील विभंग कोणताही आवाज न करता हळूहळू सरकत असतो. २००१ मध्ये कॅनडाच्या शास्त्रज्ञांनी त्याहून विलक्षण गोष्ट नोंदविली. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याखाली विभंगाचा विस्तीर्ण भाग काही आठवड्यांच्या अवधीत काही सेंटीमीटर सरकला होता. त्यातून बाहेर पडलेली ऊर्जा मोठ्या भूकंपाच्या तोडीची होती, पण वर कोणालाही काही जाणवले नाही. अशा मंद सरकण्याच्या घटना जपानसह इतरत्रही आढळल्या आहेत.

तेव्हा ऊर्जा किती तुकड्यांत सोडावी हा प्रश्न बाजूला पडतो आणि ती किती वेगाने सोडावी हा प्रश्न पुढे येतो. वेगावर ताबा ठेवणे हे तर नियंत्रणशास्त्राचे मूळ काम.

नियामकाची कल्पना

जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या यंत्रावर एक साधे उपकरण बसविले. यंत्राबरोबर फिरणाऱ्या दांड्याला दोन गोळे लटकविलेले असत. यंत्राचा वेग वाढला की गोळे बाहेरच्या बाजूला फेकले जात आणि त्यांना जोडलेली तरफ वाफेची झडप अंशतः मिटवी. वेग मंदावला की गोळे खाली येत आणि झडप उघडे. यंत्रच स्वतःच्या वेगाची खबर झडपेला देई आणि झडप त्या खबरीनुसार यंत्राला आवरी. परिणामाची वार्ता कारणाकडे परत पोचविण्याच्या या क्रियेला पुनःप्रदाय किंवा ‘फीडबॅक’ म्हणतात. असे नियामक कधी यंत्राला स्थिर करतात, तर कधी उलट त्याला हेलकावे खायला लावतात. असे का घडते, याचे गणिती विवेचन जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये केले आणि आधुनिक नियंत्रणशास्त्राचा आरंभ बहुधा त्या निबंधापासून मानला जातो.

या शास्त्राची खरी शक्ती अस्थिर वस्तूंना स्थिर करण्यात आहे. लांब काठी तळहातावर उभी धरण्याचा खेळ मुले खेळतात. काठी आपणहून उभी राहूच शकत नाही, तिचा कल पडण्याकडेच असतो. तरीही डोळा तिचा झुकाव पाहतो, हात त्या बाजूला सरकतो आणि काठी उभी राहते. मुलाला काठीचे वजन ठाऊक नसते आणि पडण्याच्या गतीचे समीकरणही येत नसते. झुकाव दिसणे आणि हात वेळेवर हलणे एवढे त्याला पुरते. मात्र काठीऐवजी पेन्सिल घेतली, तर खेळ फसतो. पेन्सिल इतकी चटकन कलंडते की डोळ्याने पाहून हात हलवीपर्यंत उशीर झालेला असतो. नियंत्रणाच्या तीन अटी या खेळात स्पष्ट दिसतात: अवस्था मोजणारे साधन हवे, ती बदलणारे साधन हवे, आणि या दोहोंमधील विलंब संकटाच्या वेगापेक्षा कमी हवा.

ताणलेला विभंग हा उभ्या काठीसारखाच आहे. तेथे डोळ्याचे काम भूकंपमापक आणि भूमीचे सरकणे मोजणारी उपकरणे करतील, आणि हाताचे काम विहिरींतील पाण्याचा दाब करील. रँगलीच्या प्रयोगात दाब चढविणे-उतरविणे माणसांनी आधी ठरविलेल्या क्रमाने झाले. नियंत्रणशास्त्राला अभिप्रेत असलेली पद्धत याहून वेगळी आहे. विभंग ठरविलेल्या संथ गतीपेक्षा वेगाने सरकू लागताच दाब उतरवायचा, म्हणजे पकड वाढेल. तो अडून बसला तर दाब किंचित चढवायचा. हे अखंड चालू ठेवायचे.

स्प्रिंग, कागद आणि गणित

या दिशेने पद्धतशीर काम करणाऱ्यांत योआनिस स्टेफानू आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा उल्लेख करावा लागतो. फ्रान्समध्ये काम करणाऱ्या स्टेफानू यांनी २०१९ मध्ये स्प्रिंगला जोडलेल्या सरकत्या ठोकळ्याचे गणिती प्रतिरूप घेतले. आधी सांगितलेल्या पेटीचेच ते शास्त्रीय रूप होय. पाण्याच्या दाबाचे योग्य नियंत्रण केल्यास, जो ठोकळा एरवी झेप घेऊन भूकंप घडवील, त्याला स्थिर करता येते आणि संथपणे कमी ऊर्जेच्या अवस्थेकडे नेताही येते, असे त्यांनी सिद्ध केले. गणिताची ही पद्धत अशा बेताने निवडलेली आहे की, घर्षणाचे नेमके आकडे ठाऊक नसले तरी ती चालावी. ते आकडे कोणत्या मर्यादांमध्ये आहेत, एवढे कळले तरी पुरते. खोल विभंगाचे घर्षण कोणीही अचूक मोजू शकत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या गुणाचे महत्त्व कळते.

याच गटाने २०२१ मध्ये एक सुबक प्रयोग प्रसिद्ध केला. खडकाच्या जागी त्यांनी पाणी शोषणारा सच्छिद्र कागद घेतला. कागदाच्या पट्ट्या ताणायच्या आणि ताणत असतानाच त्या ओल्या करायच्या. ओला कागद दुबळा होतो, तद्वत पाण्याच्या दाबाने विभंग दुबळा होतो. प्रयोगाचा निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. ताण अजून कमी असताना ओलावण्यास आरंभ केला, तर ऊर्जा थोडीथोडी मोकळी करण्यातील धोका कमी होतो. ताण बराच वाढल्यावर तोच उपाय केला, तर तो मोठ्या मोडीला अधिक लवकर बोलावून आणतो.

या निष्कर्षात एक कठोर पेच दडलेला आहे. भूकंपाचे भय माणसाला जेव्हा खरोखर वाटते, म्हणजे शतकानुशतके ताण साचून विभंग सुटण्याच्या बेतात असतो, नेमक्या त्याच वेळी हा उपाय सर्वाधिक घातक असतो. तो निर्धोकपणे करता येतो तो भूकंप नुकताच होऊन गेल्यावर, जेव्हा त्याची निकड कोणालाच वाटत नाही.

प्रत्यक्ष भूमीवर

प्रयोगशाळेबाहेर नियंत्रणाचे काही प्रयत्न झाले आहेत, पण ते भूकंप रोखण्यासाठी नव्हे, तर भूगर्भातील उष्णता मिळविताना भूकंप होऊ नये म्हणून. खोलवरच्या तप्त खडकात पाणी दाबून भेगा रुंद करायच्या आणि तापलेले पाणी वर आणायचे, अशी ती पद्धत आहे. स्वित्झर्लंडमधील बाझल हे शहर १३५६ च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले होते. त्याच शहराखाली डिसेंबर २००६ मध्ये सुमारे पाच किलोमीटर खोलीवर पाणी सोडण्यात आले. रस्त्यावरील दिव्यांप्रमाणे तेथे हिरवा, पिवळा व लाल असे इशारे ठरविलेले होते. ८ डिसेंबरला धक्के वाढताच पाणी थांबविण्यात आले. तरीही काही तासांनी ३.४ परिमाणाचा धक्का बसला आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत ३ हून अधिक परिमाणाचे आणखी तीन. अखेर २००९ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला.

दक्षिण कोरियातील पोहांग येथे याहून मोठा अनर्थ घडला. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी तेथे ५.५ परिमाणाचा भूकंप होऊन अनेक लोक जखमी झाले आणि इमारतींची मोठी हानी झाली. तेथील भूऔष्णिक विहिरींत पाणी सोडणे त्यापूर्वी सुमारे दोन महिने थांबलेले होते. तरीही या भूकंपाला त्या विहिरीच कारण झाल्या, असा निष्कर्ष सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये दिला. विहिरींनी भेदलेल्या खडकात आधीच ताणलेला एक अज्ञात विभंग होता.

याउलट फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे २०१८ मध्ये ६.१ किलोमीटर खोलीवर ४९ दिवसांत सुमारे १८,००० घनमीटर पाणी सोडण्यात आले. पोहांगमध्ये सोडलेले पाणी याहून कमी, सुमारे १३,००० घनमीटर होते. हेलसिंकीत २.१ परिमाण ही मर्यादा घालून दिलेली होती. शास्त्रज्ञ प्रत्येक सूक्ष्म धक्क्याची ऊर्जा तत्काळ मोजत आणि त्यानुसार पाण्याचा वेग आणि विश्रांतीचा काळ बदलीत. सर्वांत मोठा धक्का १.९ परिमाणाचा झाला. तेथील खडकात मोठा ताणलेला विभंग नव्हता हे नशीबही होतेच, परंतु ‘मोजा, ठरवा, बदला’ हे चक्र खऱ्या भूमीवर फिरू शकते हे त्या कामातून दिसले. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन या वायुक्षेत्रात वायू काढल्यामुळे भूकंप होत असत. २०१२ मध्ये तेथे ३.६ परिमाणाचा धक्का बसला आणि अखेर २०२३ मध्ये उत्पादन थांबविण्यात आले. स्टेफानू यांच्या गटाने पुढे याच क्षेत्राचे उदाहरण घेऊन, अनेक विहिरींचे प्रवाह एकमेकांशी जुळवून धक्क्यांचे प्रमाण हव्या त्या मर्यादेत कसे ठेवता येईल, हे संगणकावर अभ्यासले आहे.

कोयनेचा जलाशय

भारतात या प्रश्नाचे नाव कोयना आहे. महाराष्ट्रातील कोयना नदीवर १०३ मीटर उंचीचे धरण बांधून १९६२ च्या सुमारास शिवाजीसागर जलाशय भरू लागला आणि लवकरच परिसरात धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांत तो जगातील सर्वांत मोठा मानला जातो. तेव्हापासून त्या सुमारे ३० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात ५ किंवा त्याहून अधिक परिमाणाचे वीसहून अधिक भूकंप झाले आहेत. जवळच्या वारणा नदीवरील जलाशय १९८५ पासून भरू लागल्यावर धक्क्यांचे क्षेत्र दक्षिणेकडेही पसरले.

नियंत्रणाच्या दृष्टीने कोयनेचे वैशिष्ट्य असे की, तेथे वर्षातून एकदा दाब चढतो व उतरतो. पावसाळ्यात जलाशय भरतो, उन्हाळ्यापर्यंत रिता होत जातो आणि धक्क्यांची संख्याही या चक्राबरोबर बदलताना दिसते. हर्ष गुप्ता यांनी दाखवून दिले की, जलाशयाची पातळी आठवड्याला १२ मीटरांहून अधिक वेगाने वाढणे हे तेथील मोठ्या धक्क्यांशी निगडित आहे. ही अट आवश्यक असली, तरी पुरेशी नाही. पाणी किती भरायचे हे शेती आणि वीज ठरवितात. पण ते किती वेगाने भरायचे, यात काही अंशी निवड करता येते. वॉटच्या झडपेचे अत्यंत ढोबळ रूप येथे दिसते. भूकंप जेथे जन्मतात तेथवर उपकरणे नेण्यासाठी भारत सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कऱ्हाड येथे खास संशोधन केंद्र स्थापन केले. २०१७ मध्ये कोयना परिसरात ३ किलोमीटर खोलीची पथदर्शक विंधनविहीर पूर्ण झाली. सुमारे सव्वा किलोमीटर काळ्या बेसॉल्टखाली तेथे ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला.

अडचणी आणि जबाबदारी

मग मोठे भूकंप का आवरता येत नाहीत? पहिली अडचण खोलीची. मोठे भूकंप बहुधा दहा-पंधरा किलोमीटर किंवा त्याहून खोल आरंभतात. मनुष्याने खणलेले सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला द्वीपकल्पात आहे. ते १२,२६२ मीटरांवर थांबले आणि त्याला जवळजवळ वीस वर्षे लागली. दुसरी अडचण विस्ताराची. २०११ च्या जपानमधील भूकंपात सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा विभंग समुद्राखाली सरकला. हिमालयाची रांग सुमारे २,४०० किलोमीटर लांब असून तिच्याखाली दरवर्षी सुमारे २ सेंटीमीटर सरकणे साचत असते. एका शतकात ते दोन मीटर होते. एवढ्या लांबीवर विहिरींची रांग उभारणे कोणत्याही राष्ट्राच्या आवाक्यातले नाही.

तिसरी अडचण विलंबाची आणि तीच मूलभूत आहे. पाण्याचा दाब खडकातून अतिशय सावकाश पसरतो. अंतर दुप्पट केले, की वेळ चौपट लागतो. भूकंप एकदा सुटला, की विभंगाची फाट सेकंदाला दोन-तीन किलोमीटर वेगाने धावते. काठीचा खेळ येथे पेन्सिलीचा होतो. त्यामुळे सुटलेला भूकंप पाण्याने आवरणे अशक्यच आहे. त्याला सुटण्याच्या सीमेपर्यंत पोचूच न देणे एवढेच शक्य आहे. त्यासाठी विहिरी विभंगाच्या अगदी जवळ हव्यात आणि नियंत्रण वर्षानुवर्षे अखंड हवे. डेन्व्हर, बाझल आणि पोहांग येथे पाणी थांबल्यानंतर आलेले धक्के हाच विलंब दाखवितात. ज्याने विहिरीच्या तोंडाशी दाब उतरविला, त्याने विभंगावरील दाब त्याच क्षणी उतरविला असे होत नाही.

चौथी अडचण विज्ञानाची नसून न्यायाची आहे. आपणहून आलेल्या भूकंपाला माणूस दैवाचा कोप मानतो. पण नियंत्रणाच्या नावाखाली पाणी सोडले आणि मोठा भूकंप झाला, तर बळी पडलेल्यांना कोणी उत्तर द्यावयाचे? तो भूकंप पुढे केव्हातरी होणारच होता, असा युक्तिवाद कोणतेही न्यायालय सहज मान्य करणार नाही, आणि मृतांच्या आप्तांनी तो मान्य करावा अशी अपेक्षा धरणे तर निर्दयपणाचे होईल. म्हणून तज्ज्ञांचा कल प्रथम मानवनिर्मित भूकंपांकडे आहे. भूऔष्णिक विहिरी, जमिनीत साठविला जाणारा कार्बन डायऑक्साइड, तेलक्षेत्रातील सांडपाणी या ठिकाणी विहिरी आधीच आहेत, दाब आधीच बदलला जात आहे आणि विभंगही तुलनेने लहान आहेत. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात सांडपाण्यामुळे २०१६ मध्ये ५.८ परिमाणाचा भूकंप झाला होता. तेथे जमिनीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याच्या प्रमाणावर मर्यादा घातल्यानंतर धक्क्यांची संख्या उतरली. जे भूकंप मनुष्यच घडवितो, ते आवरणे हे त्याचे कर्तव्यही आहे. नियंत्रणशास्त्र त्याला त्या कामी खरे साहाय्य देऊ शकेल.

नैसर्गिक महाभूकंपांच्या बाबतीत मात्र आज मनुष्याच्या हाती विभंग नाही, घर आहे. भूकंपात बहुतेक माणसे मरतात ती जमीन हलल्यामुळे नव्हे, तर छप्पर आणि भिंती कोसळल्यामुळे. भिंतींना सलग बांधणारे सिमेंट-काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यांतील लोखंडी सळया आणि छताला भिंतींशी जखडणारी जोडणी यांचा खर्च एका खोल विहिरीच्या तुलनेत नगण्य आहे आणि त्यांची विद्या पूर्णपणे अवगत आहे. विभंगाला वेसण घालण्याचे संशोधन अवश्य चालू राहावे. पण ज्या गावाखाली विभंग आहे, तेथील गवंड्याला हे पट्टे कसे घालावेत हे शिकविण्यासाठी त्या संशोधनाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही.